मनमानी करणारी थायरॉइडची गाठ

रक्ताच्या अहवालात टीएसएच ०.०१ आलेलं असतं, थायरॉइडचं टी-४ हार्मोन वाढलेलं असतं आणि रुग्णाला धडधड, घाम, हातांची थरथर असा सगळा त्रास असतो. त्याच दिवशी हार्मोन कमी करणारी कार्बिमॅझोलची गोळी लिहून दिली जाते. महिना-दीड महिन्यात बरं वाटू लागतं, वजनही भरून येतं. वर्ष-दीड वर्षानं गोळी बंद होते आणि काही आठवड्यांत धडधड परत येते. पुन्हा गोळी, पुन्हा आराम, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं या चक्रात अडकलेली माणसं आपल्याकडे गावोगाव भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: ही थायरॉइड ग्रंथी जास्त काम का करते आहे?

या प्रश्नाची मुख्य उत्तरं तीन. पहिलं ग्रेव्हजचा आजार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडला चेतवणारी प्रतिपिंडं तयार करते आणि अख्खी ग्रंथी कामाला जुंपली जाते. दुसरं ग्रंथीची सूज, म्हणजे थायरॉइडायटिस. त्यात ग्रंथी नवं हार्मोन बनवतच नाही, आधी साठवलेलं रक्तात गळतं, त्यामुळे कार्बिमॅझोलचा काही उपयोग होत नाही. तिसरं उत्तर गाठीचं. ग्रंथीतली एखादी गाठ किंवा अनेक गाठी मेंदूच्या आदेशाविना स्वतंत्रपणे हार्मोन तयार करू लागतात. ग्रेव्हजमध्ये बारा ते अठरा महिने गोळी घेतल्यावर बऱ्याच जणांचा आजार खरोखर शमतो. गाठीचा आजार शमत नाही. गोळी हार्मोनला लगाम घालते, पण गाठ जागच्या जागी राहते. गोळी थांबली की लगाम सुटतो. एवढी एक गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत समजावून सांगितली, तर पुढची कित्येक वर्षं वाचतील.

हा फरक वैद्यकाला उशिरा कळला. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतल्या मेर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये धडधड, सुजलेला गळा आणि बाहेर आलेले डोळे अशा रुग्णांची वर्णनं लिहिली. पुढं कितीतरी वर्षं अतिसक्रिय थायरॉइड म्हणजे हाच आजार असं मानलं जाई. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १९१३ मध्ये दाखवून दिलं की यातला एक गट वेगळा आहे. या रुग्णांचं वय जास्त असतं, गळ्याची गाठ त्यांना कित्येक वर्षं असते, त्रास हळूहळू वाढतो, डोळे बाहेर येत नाहीत आणि हृदयावर भार मात्र मोठा पडतो. हा विकार अजूनही प्लमर यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांच्या हाताशी ना स्कॅन होता, ना हार्मोन मोजण्याची सोय. गळा चाचपणं, नाडी पाहणं, विचारपूस करणं आणि काटेकोर नोंदी ठेवणं एवढ्यावर त्यांनी हे वेगळेपण पकडलं.

गाठ मनमानी का करते, याचा मोठा उलगडा १९९३ मध्ये ब्रुसेल्समध्ये जिल्बेर व्हासार यांच्या गटाच्या कामातून झाला. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी टीएसएच सोडते. ते थायरॉइडच्या पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटलं, की पेशी हार्मोन बनवते. गाठीतल्या पेशींमध्ये या ग्राहकाच्या जनुकात असा बदल झालेला आढळला, की टीएसएच नसतानाही तो चालूच राहतो. दारावरच्या घंटेचं बटण दाबलेलं राहून अडकावं, बोट काढलं तरी घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार. रक्तात हार्मोन वाढलं की पिट्युइटरी टीएसएच थांबवते, आणि गाठीभोवतीची निरोगी ग्रंथी निपचित पडते. या निपचित पडण्याचा पुढं निदानातही उपयोग होतो आणि उपचारातही.

अशा गाठी कुठं जास्त होतात, ते त्या मातीतल्या आयोडीनवर ठरतं. आयोडीन कमी पडलं की ग्रंथी वर्षानुवर्षं जास्त कष्ट उपसते, तिच्या पेशी वाढतात, विभागत राहतात आणि त्या विभाजनात जनुकीय चुकांना वाव मिळतो. गळा फुगतो, त्यात गाठी धरतात आणि साठीच्या आसपास त्यातली एखादी स्वतंत्र होते. डेन्मार्कचे पीटर लाउर्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कमी आयोडीनच्या जटलँडची आणि भरपूर आयोडीनच्या आइसलँडची तुलना प्रसिद्ध केली. जटलँडमध्ये अतिसक्रियतेचे रुग्ण जास्त होते, त्यात गाठींचा विकार असलेली वयस्क माणसं अधिक होती. आइसलँडमध्ये रुग्ण एकूण कमी आणि त्यांच्यात ग्रेव्हज झालेली तरुण मंडळी जास्त.

आपल्या देशाची कहाणी हिमालयाच्या पायथ्याशी सुरू होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी सहकाऱ्यांसह १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंडाचं प्रमाण झपाट्यानं उतरलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज जवळपास घरोघरी आयोडीनयुक्त मीठ आहे. मात्र ज्यांचं बालपण आणि तारुण्य त्याआधी गेलं, त्यांच्या गळ्यातल्या गाठी मिठानं पुसल्या जात नाहीत. उलट अशा गाठीला अचानक भरपूर आयोडीन मिळालं, तर तिला कच्चा माल मिळतो आणि ती जोरात चालू लागते. टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन घालायला सुरुवात झाल्यावर अतिसक्रिय थायरॉइडच्या रुग्णांची लाट आली, त्यातले बहुतेक जुन्या गाठी असलेले वयस्क होते. ही लाट काही वर्षांत ओसरते आणि पुढच्या पिढीत गाठीच कमी होतात. त्यामुळे आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवाकडे वळण्याची जी टूम निघाली आहे, तिला यातून आधार शोधू नये. वाढत्या वयाच्या मुलांना आणि गर्भवतींना आयोडीन हवंच.

आता रुग्णाकडे येऊ. तरुण माणसात हा आजार बोलका असतो. म्हातारपणी तो गप्प राहतो, आणि गाठींचा आजार मुख्यतः म्हातारपणाचाच आहे. सत्तरीतल्या आजींच्या बांगड्या मनगटावरून घसरू लागतात, जेवणावरची वासना उडते, जिना चढताना दम लागतो, त्या कोपऱ्यात बसून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. धडधडीचं बोलून दाखवायचं त्यांना सुचतही नाही. अमेरिकी शल्यविशारद फ्रँक लाही यांनी १९३१ च्या सुमारास अशा उदासीन, मलूल रुग्णांकडे लक्ष वेधलं होतं. अनेकदा पहिला सुगावा ईसीजीत लागतो: हृदयाचा ठोका अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यातून पक्षाघाताचा धोका येतो. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं आतून झिजत असतात, आणि ते कळतं ते पडून खुबा मोडल्यावर. म्हणून वयस्क माणसाचं वजन कारण नसताना उतरत असेल किंवा ठोका नव्यानं अनियमित झाला असेल, तर टीएसएच तपासणं टाळू नये. एवढ्या स्वस्त तपासणीतून इतकं निष्पन्न होण्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत.

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असते. ते खूप खाली गेलं असेल तर सोबत टी-४ आणि टी-३ ही दोन्ही हार्मोनं पाहावीत. गाठींच्या आजारात सुरुवातीला एकटं टी-३ वाढलेलं असू शकतं, आणि फक्त टी-४ पाहून ‘ठीक आहे’ म्हटलं तर आजार निसटतो. अहवालावर विश्वास ठेवण्यापूर्वी आणखी एक चौकशी करायला हवी: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त दाखवतं. मोठ्या मात्रेतलं बायोटिन किमान दोन दिवस थांबवून तपासणी पुन्हा करावी. नाहीतर निरोगी माणूस रुग्ण ठरतो.

त्यानंतर ग्रेव्हज की गाठ, हे ठरवायचं. डॉक्टरांनी समोरून गळा पाहावा, पाणी गिळायला सांगावं, मागं उभं राहून बोटांनी चाचपावं. डोळे बाहेर आलेले असतील तर ग्रेव्हजकडे कल जातो. गाठ छातीच्या हाडामागं उतरलेली असेल तर दोन्ही हात डोक्यावर धरून मिनिटभर ठेवल्यावर चेहरा लाल होतो, शिरा फुगतात. एवढ्याशा कृतीत बरंच कळतं. रक्तात टीएसएच ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडं तपासता येतात: ती आढळली तर ग्रेव्हज, नसली तर गाठीचा संशय बळावतो. सोनोग्राफीत गाठी किती, केवढ्या, दिसायला कशा, ते दिसतं. त्यातली कोणती काम करते आहे, ते मात्र सोनोग्राफी सांगत नाही.

ते सांगतो थायरॉइड स्कॅन. हातावरच्या शिरेत टेक्नेशियमचं छोटंसं इंजेक्शन देतात. वीसेक मिनिटांनी मानेखाली उशी देऊन, हनुवटी वर करून गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात. दुखत नाही, ग्लानी देत नाहीत, काही मिनिटांत चित्र तयार होतं. ग्रेव्हजमध्ये फुलपाखरासारखी अख्खी ग्रंथी एकसारखी गडद दिसते. सूज असेल तर ग्रंथी जवळजवळ दिसतच नाही. एकच मनमानी गाठ असेल तर एका बाजूला एक गडद गोल ठिपका दिसतो आणि बाकीची ग्रंथी चित्रातून गायब असते, कारण टीएसएचअभावी ती निपचित पडलेली असते. अनेक गाठी असतील तर काही ठिकाणी गडद आणि काही ठिकाणी फिकट असं ठिगळ-ठिगळ चित्र येतं. नुकताच आयोडीनयुक्त रंगद्रव्य वापरून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल, तर दीड-दोन महिने थांबावं लागतं, एरवी चित्र फसवं येतं. गरोदरपणात हा स्कॅन करत नाहीत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतो तो तपासण्यांचा क्रम. गळ्यात गाठ दिसली की सोनोग्राफी, आणि सोनोग्राफीत गाठ दिसली की लगेच सुई घालून तपासणी, म्हणजे एफएनएसी. टीएसएच कमी असेल तर आधी स्कॅन करायला हवा. गडद दिसणाऱ्या, म्हणजे ‘हॉट’ गाठीत कर्करोग क्वचितच असतो, आणि तिच्यातल्या भरभर वाढणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नसता संशय निर्माण करतात. त्या संशयापायी घरादाराची झोप उडते. सुई घालायची ती स्कॅनमध्ये फिकट दिसणाऱ्या आणि सोनोग्राफीत संशयास्पद वाटणाऱ्या गाठीत. टीएसएच, मग स्कॅन, मग गरज असेल तरच सुई: हा क्रम पाळायला वेगळं काही लागत नाही, फक्त थोडा धीर लागतो.

काही गोष्टी शांत गाठीला डिवचतात. सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीच्या रंगद्रव्याचा उल्लेख आलाच. हृदयाच्या अनियमित ठोक्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमियोडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपली रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची. समुद्री शेवाळाच्या ‘नैसर्गिक’ गोळ्या हाही असाच मारा. गाठ आकसावी म्हणून थायरॉक्सिनची गोळी देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. आता ती मागे पडली आहे, पण जुन्या चिठ्ठ्यांवर अजून चालू दिसते. मनमानी गाठीवर वरून थायरॉक्सिन देणं म्हणजे आगीत तेल.

उपचारांत पहिलं पाऊल रुग्णाला आराम देण्याचं. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी धडधड आणि थरथर लवकर शमवते. दमा असेल तर ती देताना जपावं लागतं. कार्बिमॅझोलनं हार्मोन काही आठवड्यांत आटोक्यात येतं. ही गोळी सुरू करताना प्रत्येक रुग्णाला एक सूचना तोंडी आणि लेखी दोन्ही द्यायला हवी: ताप आणि घसा दुखू लागला तर गोळी थांबवा, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. हजारात दोन-चार जणांच्या या पेशी एकदम खालावतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. ही सूचना न देता चिठ्ठी हातात ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

कायमच्या उपायांत किरणोत्सारी आयोडीन अग्रभागी आहे. बोस्टनचे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये अतिसक्रिय थायरॉइडच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं. तत्त्व सरळ आहे: थायरॉइड आयोडीन ओढून घेते, म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं तर तेही ओढून घेईल आणि आतल्या आत जास्त काम करणाऱ्या पेशी नष्ट होतील. गाठीच्या आजारात याला आणखी एक सोय लाभते. निरोगी ग्रंथी निपचित असल्यानं ती फारसं आयोडीन घेत नाही, बहुतेक मात्रा गाठीतच जाते. गाठ मावळली की निरोगी भाग जागा होतो. पण त्याआधी कार्बिमॅझोल इतकं दिलं गेलं की टीएसएच वर आलं, तर निरोगी भागही जागा होऊन आयोडीन ओढतो आणि नंतर थायरॉइड मंदावण्याची शक्यता वाढते. आयोडीन देण्याच्या आठवड्यात टीएसएच मुद्दाम पाहायचं ते यासाठी.

नावातल्या ‘किरणोत्सारी’ शब्दाचा लोक धसका घेतात. प्रत्यक्षात एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव घ्यायचा असतो, आणि गाठीसाठी लागणाऱ्या मात्रेत बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. आयोडीन-१३१ ची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गर्भवतींपासून दूर राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, स्वच्छतागृहात दोनदा पाणी सोडायचं. दोन खोल्यांच्या घरात वेगळं झोपणं अवघड जातं, तेव्हा नातवंडांना आठवडाभर मावशीकडे किंवा आत्याकडे पाठवण्याची तजवीज आधीच करावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हा उपचार देत नाहीत. घेतल्यानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. मुंबईत ट्रॉम्बेला अणुभट्टीत हे आयोडीन तयार होतं आणि परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करत आहे. तरी अणुवैद्यकाची सोय अजून मोठ्या शहरांपुरतीच आहे. तालुक्याच्या गावातला रुग्ण वर्षानुवर्षं कार्बिमॅझोलवर राहतो, त्यात गैरसमजाइतकाच एसटीच्या प्रवासाचा आणि बुडणाऱ्या रोजाचाही वाटा असतो. जिल्हा रुग्णालयांतून ठरावीक दिवशी रुग्ण पाठवण्याची रीतसर व्यवस्था व्हायला हवी.

गाठ मोठी असेल, श्वासनलिका दाबत असेल, छातीत उतरलेली असेल किंवा शेजारी संशयास्पद गाठ असेल, तर शस्त्रक्रिया सरस. एकच गाठ असेल तर ग्रंथीचा तो अर्धा भाग काढतात, अनेक असतील तर जवळपास पूर्ण ग्रंथी. गुण ताबडतोब येतो. धोके दोन: आवाजाच्या नसेला इजा होणं, आणि पूर्ण ग्रंथी काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्यास कॅल्शियम घसरणं. दोन्ही धोके सरावलेल्या हातात कमी असतात, तेव्हा ‘तुम्ही वर्षाला किती थायरॉइड शस्त्रक्रिया करता?’ हे सर्जनला बेधडक विचारावं. हार्मोन आटोक्यात आणल्याशिवाय मात्र टेबलावर जाऊ नये. लहान, एकट्या गाठीसाठी रेडिओफ्रीक्वेन्सीनं ती जाळण्याची पद्धत अलीकडे आली आहे. निवडक रुग्णांत ती चांगली चालते, मोठ्या गाठीत अपुरी पडते.

मग आयुष्यभर गोळी घेणं चूकच का? तसं म्हणता येणार नाही. तेहरानमध्ये फेरेदून अझीझी यांच्या गटानं अनेक गाठींच्या रुग्णांत किरणोत्सारी आयोडीनची आणि कार्बिमॅझोलच्याच गटातल्या मेथिमॅझोलच्या कमी मात्रेतल्या दीर्घकालीन वापराची तुलना करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळीही सुरक्षित आणि परिणामकारक ठरली. ऐंशीच्या पुढच्या, इतर आजारांनी थकलेल्या माणसासाठी रोज छोटी मात्रा हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. फक्त तो ठरवून घेतलेला असावा, कारण शोधायचं राहून गेलं म्हणून आपोआप झालेला नसावा. टी-३, टी-४ ठीक आणि टीएसएच तेवढं कमी अशा अवस्थेतही पासष्टीच्या पुढच्या, टीएसएच ०.१ च्या खाली राहणाऱ्या माणसावर उपचार करावेत हाच आजचा कल आहे, कारण अनियमित ठोक्याचा धोका त्यांच्यात स्पष्टपणे जास्त दिसला आहे. तरुण आणि त्रास नसलेल्या व्यक्तीवर काही महिने नजर ठेवणं पुरतं.

किरणोत्सारी आयोडीनची एक मात्रा बहुतेकांना पुरते, काहींना दुसरी लागते. गाठ दोनेक वर्षांत सुमारे ४० टक्क्यांनी आकसते. सुरुवातीचे काही महिने टीएसएच खालीच राहू शकतं, म्हणून उपचार फसला की नाही ते टी-४ आणि टी-३ वरून ठरवायचं. उलट टोकाचा त्रास उशिरा येतो. पहिल्या वर्षात थोड्यांचीच थायरॉइड मंदावते, पण वीस वर्षांत निम्म्याहून जास्त रुग्णांवर थायरॉक्सिन घेण्याची वेळ येते. तोवर डॉक्टर बदललेले असतात, कागद हरवलेले असतात, आणि थकवा, सूज, बद्धकोष्ठ यांचा संबंध पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या कॅप्सूलशी कुणी जोडत नाही. म्हणून गाठीवर उपचार झालेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा टीएसएच तपासावं, आणि स्कॅनचं चित्र व उपचाराची नोंद असलेला कागद घरात रेशनकार्डाइतका जपून ठेवावा.